रत्नागिरीच्या वेशीवर राहायला येताय? मग कॉलनी आषाढात बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही डोंबिवलीचे, पुढच्या वर्षी निवृत्त होताय. कुवारबावच्या आतल्या बाजूला सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, चौदा-पंधरा घरांची एक कॉलनी आहे, तिथलं रो-हाऊस तुम्हाला पसंत पडलंय. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तुम्ही दोघं ते बघायला आलात. कुठे म्हणून आवाज नव्हता. तुम्हाला वाटलं, इतकी वर्षं हेच तर हवं होतं. वहिनींना मात्र ती शांतता अंगावर आली. सोबत ८२ वर्षांच्या आईही येणार आहेत. अशा ठिकाणी वर्षभर राहणं खरंच कसं असतं, हे इथल्या माणसाने सांगावं, असं तुम्ही म्हटलंय.

मी इथे घरं बांधतो आणि दुरुस्त करतो. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव या पट्ट्यात माझं पंचवीसेक वर्षांचं काम आहे. त्यातली बरीच घरं मुंबई-पुण्याच्या मंडळींची. ती वर्षाचे दहा-अकरा महिने बंद असतात आणि किल्ल्या माझ्याकडे असतात. पावसाळ्यात ती घरं उघडून हवा खेळवायची, गळती-ओल बघायची, हेही माझ्याच कामात येतं. मी स्वतः राहतो तीही अशीच कॉलनी आहे. त्यामुळे या प्रश्नाची आतली आणि बाहेरची, दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

आधी वहिनींबद्दल. त्यांना जे वाटलं ते मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका. आमच्याकडच्या कॉलन्यांमध्ये दोन वेगळ्या कारणांनी शांतता असते आणि दुपारी दोन वाजता ती दोन्ही सारखीच दिसते. एका ठिकाणी माणसं राहत असतात, पण आपापल्या उद्योगात असतात. कोणी शाळेत, कोणी बँकेत, कोणी जिल्हा परिषदेत, घरातली म्हातारी माणसं जेवून आडवी झालेली. दुसऱ्या ठिकाणी घरांना कुलपं असतात. रंग ताजा असतो, गेट चकचकीत असतं, अंगणातली जास्वंद फुललेली असते, कारण माळी आठवड्यातून एकदा येऊन पाणी घालून जातो. विकायला काढलेलं घर दाखवणारा माणूस यातलं काही लपवत नाही, पण आपण विचारलं नाही तर सांगतही नाही. वहिनींना बहुधा कुलपं जाणवली असतील. दोरीवर कपडे नव्हते, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास नव्हता, पायरीवर चपला नव्हत्या. घर सांभाळणाऱ्या माणसाच्या नजरेला या गोष्टी लगेच दिसतात.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: त्या चौदा-पंधरा घरांपैकी जुलैतल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला किती घरांत दिवा लागलेला असतो? गणपतीत नाही, मे महिन्यात नाही. त्या दोन वेळी सगळा रत्नागिरी जिल्हाच भरलेला असतो. जुलैत. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घरं नांदती असतील तर अशा कॉलनीत राहणं फार सुखाचं असतं. दोन-तीनच असतील, तर तिथलं राहणं म्हणजे वाडीबाहेरच्या एकट्या घरात राहण्यासारखंच, फक्त शेजारी भिंती जास्त. तेही काही लोकांना आवडतं. पण ८२ वर्षांच्या आई बरोबर असताना मी तसं घर घेऊ देणार नाही.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, आणि त्या मला माहीत नाहीत. तुम्ही गाडी चालवता का, आणि रात्री पावसात चालवता का? आईंना जिना चढता येतो का? दर महिन्याला डोंबिवलीत जावं लागेल असं काही मागे राहतंय का? मुलगा-मुलगी कुठे आहेत? या उत्तरांप्रमाणे खालचं काही तुम्हाला लागू पडेल, काही पडणार नाही. जागेवरही फरक पडतो. भाट्ये किंवा मिऱ्याच्या बाजूला राहणाऱ्याची कटकट खाऱ्या वाऱ्याची असते: ग्रिल गंजतात, एसीची बाहेरची जाळी काही वर्षांत खाऊन जाते. सड्यावर राहणाऱ्याची काळजी पाण्याची असते. उतारावरच्या घरवाल्याचं लक्ष पावसाळाभर मागच्या दरडीकडे असतं. तुमचं घर सड्यावर आहे असं धरून पुढे लिहितो.

आता आवाजाविषयी, कारण तुम्ही मुख्यतः शांततेसाठी येताय. वर्षभर एकसारखं शांत असं इथे काही नसतं. प्रत्येक ऋतूचे आपले आवाज आहेत, आणि ते ठाऊक असलेले बरे.

पावसाळ्यापासून सुरू करतो. इथे बहुतेक स्लॅबच्या घरांवर पुन्हा पत्र्याची शेड असते. त्याशिवाय गळती थांबत नाही आणि कपडे वाळत नाहीत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो जवळपास सगळा त्या पत्र्यावर वाजतो. जोराची सर आली की वरच्या मजल्यावर एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागतं, टीव्हीचा आवाज वाढवूनही बातम्या ऐकू येत नाहीत. त्यात बेडूक. पहिल्या पावसात सड्यावर पाणी साठलं की ते रात्रभर ओरडतात. मला हे सगळं आवडतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मात्र पहिल्या जुलैतच वैतागले. शेवटी झोपायची खोली आम्ही खाली हलवली आणि पत्र्याखाली फोमचा थर लावून घेतला, तेव्हा त्यांना झोप लागायला लागली. शेड नवीन करायची असेल तर हे आधीच करून घ्या, नंतर खर्च जास्त येतो.

गणपती संपले, पाऊस ओसरला की गवत कापायच्या यंत्रांचा आवाज सुरू होतो. कमरेएवढं रान वाढलेलं असतं आणि दसऱ्यापर्यंत प्रत्येकाला आपलं आवार साफ करून हवं असतं. हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे आणि ते झालंच पाहिजे. का, ते पुढे सापांविषयी लिहिलंय तिथे येईल.

थंडी हा इथला सगळ्यात शांत काळ. पण तुमच्या कॉलनीला लागून हापूसच्या कलमांची बाग आहे का, ते बघा. असेल तर मोहोर आल्यापासून फवारणी सुरू होते. पंप पहाटे लवकर चालू होतात, कारण वारा पडलेला असतो. पंपाच्या आवाजाची सवय होते. औषधाच्या वासाची होत नाही, आणि व्हायलाही नको. बागायतदाराचा नंबर घेऊन ठेवा आणि आदल्या दिवशी कळवायला सांगा. तो कळवतो. त्या सकाळी खिडक्या बंद ठेवायच्या, विहीर उघडी असेल तर झाकायची, बाहेर वाळत घातलेलं आत घ्यायचं. पुढे फळ तयार व्हायला लागलं की बागेत राखण बसते. इथल्या बागांमध्ये राखणीला बहुतांश नेपाळी गुरखे असतात. वानर-माकडांना आणि चोरांना हुसकायला ते डबे वाजवतात, हाका देतात, कधी फटाका लावतात. रात्री अडीचला पहिल्यांदा ती हाक ऐकलीत तर घाबरून उठाल. आठवडाभरात तीच हाक ऐकली की बरं वाटायला लागतं. कोणीतरी जागं आहे, एवढं कळतं.

मग शिमगा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, ढोल वाजतात, गाऱ्हाणं घातलं जातं. याला आवाज म्हणून मोजू नका. पालखी कॉलनीत येणार असेल तर आधी विचारून घ्या, अंगण सारवायचं किंवा धुवायचं, वहिनींनी ओटी भरायची, आईंना खुर्ची टाकून दारात बसवायचं. बाहेरून आलेलं कुटुंब गावाच्या ओळखीचं होण्याची ती वेळ असते.

खरा त्रासदायक आवाज असतो तो बांधकामाचा आणि चिरेखाणीचा. जवळ खाण चालू असेल तर जांभा कापणाऱ्या यंत्राची करकर दिवसभर येते आणि लाल धूळ घरात येऊन बसते. तुम्ही रविवारी आलात म्हणून तुम्हाला ते कळलं नसेल. कामाच्या दिवशी सकाळी दहाला परत एकदा या. रिकामे प्लॉट किती आहेत तेही मोजा, कारण प्रत्येक रिकामा प्लॉट म्हणजे कधीतरी दीड-दोन वर्षांचं बांधकाम. रात्रीच्या लाउडस्पीकरला कायद्याने १० ते ६ बंदी आहे आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सणासुदीचे मोजके दिवस रात्री बारापर्यंत सूट मिळते. हे माहीत असू द्या. पण कॉलनीतल्या हळदीच्या आवाजाबद्दल पहिला फोन पोलिसांना करण्याआधी चालत जाऊन बोला. इथे माणूस समोर आला की आवाज कमी होतो. पोलिस आले की त्या रात्रीपुरता कमी होतो आणि पुढची दहा वर्षं कोणी तुमच्याशी नीट बोलत नाही.

आता पावसाळ्यातलं रोजचं जगणं. मुंबईहून आलेल्यांची कसोटी इथेच लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओल सगळीकडे शिरते. वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे घराची पश्चिमेकडची भिंत चार महिने झडीचा मार खात असते. जुन्या घरांना त्या बाजूला पडवी असायची किंवा पावसाळ्यापुरती नारळाची झापं बांधायचे. त्यामागे हेच शहाणपण होतं. आजच्या रो-हाऊसला पडवी नसते. तुम्ही बघितलेल्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर आतून हात फिरवा, कपाटामागे टॉर्च मारा. रंगाचे पोपडे, पांढरी खार, काळे ठिपके दिसले तर खर्च धरून ठेवा. त्या बाजूला छज्जा वाढवणं किंवा भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे पत्रा काढणं, हा उपाय कुठल्याही रंगापेक्षा टिकाऊ आहे. आतून कितीही वॉटरप्रूफ रंग लावलात तरी बाहेरून पाणी येतंय तोवर तो सुटणारच.

कपाटं भिंतीला चिकटवू नका. चामड्याच्या वस्तू, फोटोंचे आल्बम, घराची कागदपत्रं हवाबंद डब्यात ठेवा. गाद्या आठवड्यातून एकदा उभ्या करा. मीठ-साखर-पोहे यांच्या बरण्या घट्ट लागतील अशा घ्या. वहिनींना हे सगळं आठवडाभरात जमेल, पण आधी कोणी सांगितलं नाही तर पहिल्या श्रावणात चांगल्या साड्यांवर बुरशी बघून त्यांना रडू येईल. असं रडू मी पाहिलंय.

वीज जाते. साधा वारा सुटला, झाडाची फांदी तारेवर पडली की जाते. दोन तासांत येते, कधी दोन दिवसांत. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ उत्तरेला श्रीवर्धन-मुरुड भागात धडकलं, पण त्याची झळ आम्हालाही बसली. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यात तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकलं तेव्हा पुष्कळ भाग दिवसचे दिवस अंधारात होते. वीज गेली की थोड्या वेळाने मोबाईलच्या टॉवरची बॅटरीही उतरते आणि फोन बंद पडतात. इन्व्हर्टर मोठा घ्या, हे सगळेच सांगतील. मी त्यात एवढीच भर घालेन, की पाण्याची वरची टाकी मोठी ठेवा. पंपाला इन्व्हर्टर पुरत नाही आणि अंधारापेक्षा पाणी नसण्याचे हाल जास्त.

अशाच रात्री शेजार कळतो. लाइट गेली की आमच्या कॉलनीत पहिल्या पाच मिनिटांत हाका सुरू होतात. "काकू, तुमच्याकडे पण गेली काय?" "हो गो, खांबावरनं आवाज आला." कोणीतरी वायरमनला फोन लावतं, कोणीतरी एकट्या राहणाऱ्या आजींकडे जाऊन बसतं. ही सोबत कॉलनीत आधीपासून आहे का, हे बघा. ती नंतर विकत घेता येत नाही आणि इस्टेट एजंटला तिची किंमत लावता येत नाही, म्हणून तो तिच्याबद्दल बोलतही नाही.

पाणी. एवढा पाऊस पडून मे महिन्यात टँकर कशाला लागतो, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झरझर खाली उतरतं आणि उताराला जाऊन पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, लागतं. सड्यावरची विहीर ऑगस्टमध्ये काठोकाठ दिसते, मार्चनंतर झपाट्याने आटते. म्हणून विहीर बघायची ती एप्रिलच्या शेवटी. बोअर असेल तर मे महिन्यात ती किती वेळ चालते, ते शेजाऱ्याला विचारा, विकणाऱ्याला नको. ग्रामपंचायतीचा नळ असेल तर रोज येतो की दिवसाआड, आणि किती वाजता, तेही. दुसरी गोष्ट कोणी विचारत नाही, पण मी प्रत्येक घरात तपासतो: शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे. या कॉलन्यांना भुयारी गटार नाही. जांभ्याच्या भेगांतून मैला गाळला न जाताच लांबवर जातो. निदान पन्नास फूट अंतर हवं आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नसावा. रो-हाऊसला प्लॉट लहान असतो, त्यामुळे तुमचा खड्डा लांब असला तरी शेजाऱ्याचा जवळ असू शकतो. विहिरीचं पाणी पिणार असाल तर पावसाळा सुरू झाल्यावर एकदा तपासून घ्या आणि तोवर उकळून प्या.

वहिनींनी सापांविषयी विचारलंय. साप आहेत. आमच्या सड्यावर फुरसं असतं, ते लहान आणि मातकट असतं, दगडांच्या फटीत बसतं, चटकन दिसत नाही. घोणस, नाग, मण्यारही आहेत. या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं आणि ते जिल्हा रुग्णालयात असतं. भीतीपेक्षा सवयी उपयोगी पडतात: संध्याकाळनंतर टॉर्चशिवाय अंगणात पाय नाही, बूट-चपला झटकून घालायच्या, लाकडं आणि चिरे घराला टेकवून रचायचे नाहीत, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीत हात घालायचा नाही, गवत वेळेवर काढायचं. इथेही बंद घरं आड येतात. तुमचं आवार लख्ख असलं आणि दोन्ही बाजूंच्या कुलूपबंद घरांत रान माजलं असलं, तर तुमच्या स्वच्छतेचा उपयोग निम्माच. मी ज्या घरांच्या किल्ल्या सांभाळतो त्यांच्या मालकांना याच कारणासाठी गवताचे पैसे वेगळे मागतो, आणि शेजारी राहतं कुटुंब असेल तर आग्रहाने मागतो. विंचवाचं म्हणाल तर लाल विंचवाचा दंश एके काळी कोकणात जीवघेणा होता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यावर उपचार रूढ केल्यापासून ती परिस्थिती पार बदलली आहे. दोन्ही बाबतींत एकच नियम: मांत्रिक नाही, जखमेवर चिरा मारणं नाही, घट्ट दोरी नाही, माणसाला कमीत कमी हलवून सरळ दवाखाना.

तिथून आईंकडे येतो. वृद्ध माणसाला या भागात राहणं मानवतं, हे मी मनापासून सांगतो. हवा चांगली, जमिनीवर वावर, सकाळी दारात ऊन, फुलं तोडायला परस. पण तीन गोष्टी बघितल्याशिवाय होकार देऊ नका. एक, त्यांची खोली आणि न्हाणीघर तळमजल्यावर हवं. रो-हाऊसमध्ये पुष्कळदा खाली फक्त हॉल आणि स्वयंपाकघर असतं. दुसरं, रस्ता. १०८ ची गाडी तुमच्या गेटपर्यंत येऊन वळते का? सड्यावरच्या काही कॉलन्यांत शेवटचा तुकडा इतका अरुंद आहे, की समोर एक मोटार उभी असली की रुग्णवाहिका मुख्य रस्त्यावर थांबते आणि माणसाला खुर्चीवर बसवून न्यावं लागतं. तिसरं, मोठ्या आजाराला काय करायचं ते आजच ठरवा. जिल्हा रुग्णालय आणि खासगी दवाखाने शहरात आहेत, पण मेंदूचं किंवा हृदयाचं गुंतागुंतीचं काही असेल तर लोक कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. पावसाळ्यात तिथे दरड आली की रस्ता थांबतो. आईंना आत्ताच हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा असा आजार असेल, की ज्यात दर आठवड्याला तज्ज्ञ लागतो, तर मी हे घर घ्या असं म्हणणार नाही. कुवारबाव परिसरातच हमरस्त्याजवळचा, लिफ्ट असलेल्या इमारतीतला फ्लॅट बघा. थोडा गोंगाट सोसा.

आईंच्या बाबतीत एकटेपणाही मोजा. डोंबिवलीच्या चाळीत किंवा इमारतीत दार उघडं टाकलं की माणूस दिसतं. इथे माणूस बघायला गेटपर्यंत जावं लागतं. ज्या कॉलनीत संध्याकाळी चार बायका कट्ट्यावर बसतात, हरिपाठ किंवा भजन होतं, हळदीकुंकवाला हाक येते, तिथे म्हातारं माणूस पंधरा दिवसांत रुळतं. वहिनींना वाचनाची आवड असेल तर शहरात नगर वाचनालय आहे, १८२८ पासूनचं. नाटकांना सावरकर नाट्यगृह आहे. शहर लहान आहे पण मिणमिणतं नाही. एसटीची शहरी बस कुठपर्यंत येते आणि शेवटची किती वाजता, हे मात्र विचारून घ्या. वहिनी गाडी चालवत नसतील तर त्यांचं सगळं बाहेर पडणं त्या बसवर किंवा तुमच्यावर अवलंबून राहणार, आणि दुसऱ्यावर अवलंबून राहणं हळूहळू जाचायला लागतं.

रोजच्या खरेदीची चिंता करू नका. दूध, भाजी, किराणा घरी येतो, मासेवाली दारात येते. जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद असतात, तेव्हा मिरकरवाडा बंदरातला ताजा मासा मिळत नाही. सुकट-सोडे भरून ठेवायचे किंवा खाडीचं मिळेल ते घ्यायचं. कामाला माणूस मिळणं त्याहून अवघड. धुणंभांड्याला बाई मिळते, पण भातलावणीच्या दिवसांत आणि गणपतीत ती आपल्या घरी लागते. तेव्हा चिडायचं नाही.

आता एक अशी गोष्ट सांगतो, जी कॉलनीत राहणारे लोक चटकन बोलत नाहीत. तुमची कॉलनी ज्या जमिनीवर आहे ती कोणाची तरी वरकस, म्हणजे हलकी माळजमीन, होती, गुरं चरायची जागा होती. तिच्या कडेने वाडीतल्या लोकांची पायवाट जात असेल, विहिरीवर किंवा देवळात जाण्याची. प्लॉट पडले, कुंपणं झाली, आणि कुठेतरी ती वाट अडली असेल. वाडी आणि कॉलनी यांच्यातली बहुतेक भांडणं अशा वाटेवरून किंवा पाण्यावरून असतात, आणि नव्याने आलेल्या माणसाला ती कळतात ती व्यवहार झाल्यावर. म्हणून घर घेण्याआधी वाडीत जाऊन चहा प्या. गावच्या मानकऱ्यांना भेटा, पोलीस पाटलांना भेटा. विचारा, "या कॉलनीशी तुमचं काही म्हणणं आहे काय?" तोंडावर सगळं सांगतील असं नाही, पण काही असेल तर चेहऱ्यावर दिसेल. राहायला आल्यावर देवळाची वर्गणी द्या, ग्रामसभेला जा, वाडीत मयत झाली तर जाऊन या. मला कॉलनीत सगळ्यात निवांत राहताना दिसतात ती हीच माणसं, ज्यांनी गावाशी संबंध ठेवलाय. संकटात झाड तोडायला कोयता घेऊन येणारा माणूस वाडीतूनच येतो.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही, त्यासाठी वकील लावा. फक्त दोन प्रश्न त्याला आवर्जून विचारा: बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन तुमच्या प्लॉटपर्यंत लागू आहे का, आणि मुख्य रस्त्यापासून गेटपर्यंतचा रस्ता कागदावर कोणाच्या नावावर आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "सगळे वापरतात" असं आलं, तर थांबा.

तर करायचं काय? घाईने बयाणा देऊ नका. त्याच कॉलनीत, नाहीतर शेजारच्या कॉलनीत, जूनपासून चार महिने घर भाड्याने घ्या. बंद घरं आहेत म्हटल्यावर भाड्याने मिळणं कठीण नाही, मालकाला उलट घर उघडं राहिल्याचा आनंदच असतो. आईंनाही घेऊन या. त्या चार महिन्यांत ओल, वीज, पत्रा, बेडूक, रस्ता, शेजार, सगळं आपोआप कळेल. ऑक्टोबरमध्ये वहिनींना विचारा, आणि त्या जे म्हणतील तसं करा. घरात दिवसाचे जास्त तास त्या आणि आई काढणार आहेत.

चार महिने येणं जमत नसेल तर निदान आषाढात एका आठवड्यासाठी या. दिवसा नुसतं भटका, आणि रोज साडेसातला छत्री घेऊन कॉलनीत एक चक्कर मारा.

मला अजून नीट सांगायचं तर एवढी माहिती लागेल: घराची पश्चिम बाजू मोकळी आहे की दुसऱ्या घराला लागून, विहीर आहे की बोअर की नुसता नळ, गेटसमोरचा रस्ता किती फूट रुंद आहे, आणि आईंना सध्या कोणती औषधं चालू आहेत. हे इथेच लिहा. मी त्या बाजूला कामाला जातच असतो, कॉलनीचं नाव कळवलंत तर पुढच्या वेळी जाताना दिवे किती लागलेत ते बघून सांगतो.